पाकिटावरचा पूर्ण पत्ता

खाण्याचं पाकीट हातात आलं की लोक पुढची बाजू बघतात. मी आधी पाकीट उलटं करते. दुकानात, लग्नाच्या रुखवतात, पाहुण्यांच्या घरी, कुठेही. बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, नोंदणी क्रमांक, तक्रारीसाठी फोन. यातलं एखादं गाळलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, हिला घेऊन बाजारात जायची सोय राहिली नाही. नसू दे. त्या मागच्या बाजूसाठी मी माझ्या आईशी भांडले आहे, आणि माझ्या आईशी भांडणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

इथे मी कोणाचंच नाव लिहिणार नाही, माझंही नाही. लाज म्हणून नव्हे. ज्याला हवं त्यानं पाकीट उलटं करावं.

ती बोंडअळीची वर्षं होती. मारेगावच्या आसपास कापूस नुसता लांबून पांढरा दिसायचा. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि वाळलेली कवडी, म्हणजे न फुललेला किडका कापूस. जिथे चार-पाच वेचे व्हायचे तिथे दुसऱ्या वेच्यानंतरच लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची उभी झाडंच, उपटायला लागले. त्या सालांचा विषय निघाला की सगळे वावरवाल्यांबद्दल बोलतात. वेचणाऱ्या बायांबद्दल कोणी बोलत नाही. वावर त्यांचं नव्हतं, त्यामुळे पंचनाम्यात त्या कुठेच नव्हत्या. पण हात त्यांचे होते आणि ते रिकामे झाले होते. माझी आई त्यांपैकी एक. वडील राजूरकडच्या कोळसाखाणीत कंत्राटी कामाला होते, सुटीला घरी यायचे. मी बी.कॉम. होऊन वणीच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायला होते. कापूसच येईना तर हिशेब कशाचा लिहिणार? जिनिंगवाल्यानं हात जोडले आणि मी घरी आले.

त्या उन्हाळ्यात आईनं मुगवड्या घातल्या. दरवर्षीच घालायची. भिजवलेली मुगाची डाळ पाट्यावर जाडसर वाटायची, त्यात किसलेला कोहळा, लसूण, हिरवी मिरची, जिरं, आणि मग खाटेवर पसरलेल्या धुतल्या कापडावर बोटांच्या टोकांनी वड्या टाकत जायचं. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं बघितली आहेत का तुम्ही? दोन्ही हात एकदम चालतात, नजर पुढच्या झाडावर असते. वड्याही आई तशाच टाकायची, दोन्ही हातांनी, शेजारणीशी बोलता बोलता. आणि सगळ्या एकसारख्या. आमच्या वस्तीत तिच्या वड्यांचं नाव होतं. फक्त वस्तीत, हे आधीच सांगून टाकते.

आमची वस्ती म्हणजे छप्पन सालानंतर दीक्षा घेतलेल्या घरांची. गावाच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे. विदर्भात अशा वस्त्यांची नावं चार-पाचच असतात, गाव बदललं तरी तीच. नाव कानावर पडलं की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. आडनाव बाजूला ठेवा, नुसता वॉर्ड पुरेसा असतो.

मी त्या वड्यांचे फोटो काढून मोबाइलवर टाकले. गंमत म्हणून. तर पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आमच्याच भागातली माणसं अक्षरशः तुटून पडली. मुगवड्या, जवसाची चटणी, दह्यातली सांडगी मिरची. तिकडे म्हणे हे मिळत नाही, आणि मिळालं तर त्याला चव नसते. वस्तीतल्या बाया हाताशी आल्या. थोड्याच दिवसांत मी मोठ्या विक्रीच्या संकेतस्थळावर आमचं पान उघडलं. पाकिटावर मी हौसेनं नाव छापलं, एक कापसाचं बोंड काढलं आणि खाली माझा मोबाइल नंबर टाकला. झालं, म्हटलं, धंदा सुरू.

संकेतस्थळानं आमचं पान बंद करून टाकलं.

कारण विचारलं तर भलीमोठी यादी आली. अन्न नोंदणीचा क्रमांक नाही. निव्वळ वजन नाही. तारीख नाही. शाकाहाराचं हिरवं चिन्ह नाही. तक्रार कोणाकडे करायची ते नाही. आणि बनवणाऱ्याचं नाव व पूर्ण पत्ता नाही. मला वाटलं, वड्याच विकतोय, दारूगोळा नाही. पण मी हिशेबाची माणूस. नियम दिसला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला झोप येत नाही. वाचत गेले तसं लक्षात आलं की यातलं बहुतेक सगळं बरोबरच आहे. माणूस तोंडात काय घालतोय, ते कोणी केलं, कधी केलं, हे त्याला कळायला नको?

फॉर्म भरायला मी चौकातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात गेले. केंद्र चालवणारा भाऊ मनाचा चांगला. त्याच्या घरचं कापसाचं वावर, त्याच वावरात आईनं कितीतरी हंगाम वेचणी केलेली. तिला तो मावशी म्हणायचा. शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होता. त्यानं माझं नाव टंकलं, आडनाव टंकलं, आणि पत्त्याच्या रकान्यावर येऊन थांबला.

"ताई, वस्तीचं नाव कायले टाकता? माह्या दुकानाचा पत्ता टाका. मेन रोड, मारेगाव. मस्त वाटते."

"वड्या तुह्या दुकानात होतात का?"

"तसं नाई. पण लोक कसे राह्यते तुमाले मालूम आहे. आडनाव बी छोटं करून टाकू, नुसतं अक्षर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तो वाईट बोलत नव्हता, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त संताप आला. वाईट माणसाला उत्तर देता येतं. हा माझं भलं करत होता. आणि त्याच्या भलं करण्यात हे गृहीत होतं की माझा पत्ता म्हणजे झाकायची गोष्ट.

घरी येऊन सांगितलं तर आई भाऊच्याच बाजूनं!

"बरोबर सांगून राह्यला पोरगा. टाक त्याचा पत्ता. पोटावर पाय कायले देतं?"

"माय, नियमात लिहिलंय. जिथं बनते तिथला पत्ता."

"नियम! मले नको सांगू नियम. लोकाइनं पाकीट वापस केलं तर तुहा नियम वड्या खाईन का?"

खरं सांगायचं तर आईचं म्हणणं हवेतलं नव्हतं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. कमरेला ओटी बांधून, घाम गाळून. तो कापूस तिच्या अंगाला लागून, तिच्या डोक्यावरच्या गाठोड्यातून मालकाच्या घरात जायचा, थेट आतल्या खोलीपर्यंत. त्याची सरकी निघायची, सूत व्हायचं, कापड व्हायचं, ते देवाच्या अंगावरही चढायचं. कोणाला काही वाटलं नाही. पण तिच्या हातची भाकर त्या घरातल्या कोणी कधी मागितली नाही. पाणीसुद्धा तिला वरून ओतून मिळायचं. कापसाला विटाळ नव्हता, वडीला होता. हा फरक आईनं पाठ केला होता, आणि मी तिला सांगत होते की वडीवर पत्ता छाप.

छापला. यवतमाळच्या कार्यालयात जाऊन मी टेबलामागच्या माणसाला सरळ विचारलं, पत्ता कोणता टाकायचा? त्यानं वरही न बघता सांगितलं, "माल जिथे तयार होतो तिथला. दुसरा चालणार नाही." मला इतका आनंद झाला की त्याचा हात हातात घ्यावासा वाटला. आजवर आम्हाला नियम सांगितले गेले ते सगळे लांब राहण्याचे. इथे एक नियम होता जो म्हणत होता, समोर ये आणि नाव सांग. असा नियम कोण सोडतं?

माझं पूर्ण नाव, आडनाव, वस्तीचं नाव, मारेगाव, जिल्हा यवतमाळ, पिनकोड. अक्षरांची किमान उंचीसुद्धा नियमात ठरलेली होती, तेवढी ठेवली. तक्रारीच्या फोनवर आईचा नंबर टाकला, कारण माझा ऑर्डरींनी दिवसभर वाजायचा. बायांनी डोक्याला रुमाल बांधले, खाटांवर पांढरी जाळी ताणली, पाण्याची तपासणी करून आणली. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं, म्हणून ते घरात समोरच्या भिंतीवर लागलं, एका बाजूला बुद्धाची तसबीर, दुसऱ्या बाजूला निळ्या कोटातली. पान पुन्हा उघडलं.

आणि दिवाळी तोंडावर आली तेव्हा आईचा फोन वाजला.

पुण्याची एक ताई होती. मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या नेरची. सुरुवातीपासूनची गिऱ्हाईक, प्रत्येक पार्सलनंतर कौतुक करणारी. तिला तक्रार काही नव्हती. तिनं गोड आवाजात विचारलं, "मावशी, पाकिटावर नवीन पत्ता आहे ना, तो मारेगावात नेमका कुठे आला?" आईनं सांगितलं.  मग ताई म्हणाली, "असं होय. नाही, सहज विचारलं." दुसऱ्या दिवशी तिची दिवाळीची ऑर्डर रद्द झाली. कारणाच्या जागी तिनं लिहिलं होतं, मत बदललं.

वड्या तिला आवडत होत्या. जिभेनं त्या उन्हाळ्यापासून मान्य केल्या होत्या. मत जिभेचं बदललं नव्हतं.

त्याच आठवड्यात नागपूरच्या एका दुकानदाराचा फोन आला. दिवाळीसाठी भरपूर माल हवा होता, वस्तीतल्या सगळ्या बायांना काम पुरलं असतं इतका. अट एकच, मागच्या बाजूला फक्त त्याच्या दुकानाचा पत्ता. मी म्हटलं, तुमचाही टाका, पण बनवणाऱ्याचा पत्ता राहणार, कायद्यानं तो लागतोच. तो हसला. "मॅडम, कायदा कोन पाहते? गिऱ्हाईक पाहते." मी फोन ठेवला.

बायांना हे कळलं. एकीनं तोंडावर विचारलं, "तुहा पत्ता राह्यला, अन् आमची दिवाळी?"  कापूस तर त्याही साली गेलेलाच होता. दुसरं काम कुणाकडेच नव्हतं. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. नुसती वड्या टाकत राहायची, दोन्ही हातांनी, भराभरा, जणू वड्यांनी तिचं काही वाकडं केलं होतं.

मग एका सकाळी दारात जीप उभी राहिली. अन्न विभागाचे साहेब. उंच, घामेजलेले, हातात फाइल. गल्लीतले सगळे ओट्यावर आले. आमच्या गल्लीत सरकारी जीप येते ती चांगल्या कामासाठी येत नाही, हा अनुभव.

"तक्रार आली आहे," साहेब म्हणाले.

"कशाची? खडा निघाला? वजन कमी भरलं? कोणी आजारी पडलं?"

त्यांनी फाइल उघडली, कागदावरून नजर फिरवली आणि जरा अवघडून म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही. सदर पदार्थ या वस्तीत तयार होतात, तरी योग्य कारवाई व्हावी, एवढंच आहे. खाली सही नाही."

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

साहेबांनी आपलं काम चोख केलं. जाळी बघितली, पाट्यावर बोट फिरवून बघितलं, पाण्याचा अहवाल वाचला, बायांची नखं बघितली. एका बाईच्या नखाला मेंदी होती, तर ती मेंदीच आहे ना हे दोनदा विचारलं. वजनकाटा तपासला. कुठेच काही सापडेना. मला मनातून इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! शेवटी त्यांनी टोपल्यातलं पार्सलचं तयार पाकीट उचललं आणि उलटं केलं.

मागच्या बाजूला 'शुभ दीपावली' असं लिहिलेली एक चमचमती गोल चकती चिकटवलेली होती. मिठाईच्या डब्यांवर लावतात, बाजारात तावाने मिळते, तसली. बरोबर पत्त्यावर. साहेबांनी दुसरं पाकीट उचललं. त्यावरही. टोपल्यातल्या सगळ्या पाकिटांवर दिवाळी साजरी होत होती.

मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

"हे चालत नाही," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. "छापलेल्या माहितीवर असं काही चिकटवता येत नाही. बाकी सगळं उत्तम आहे. सगळ्यात एकच चूक सापडली, ती ही. पत्ता का झाकला?"

 त्यांनी नखानं एक चकती उचकटली. डिंक जुना नव्हता, ती अख्खी निघाली. खालचा पत्ता त्यांनी वाचला, फाइलमधल्या पत्त्याशी ताडून बघितला आणि शेऱ्यात लिहिलं की चकत्या काढून टाकाव्यात, अन्यथा समाधानकारक. म्हणजे तक्रार होती की पत्ता इथला आहे. आणि कायद्याच्या दृष्टीनं गुन्हा एकच झाला होता, पत्ता झाकण्याचा.

आईनं चहा ठेवला. साहेब म्हणाले, मला साखर चालत नाही. आईनं बिनसाखरेचा केला, सणाचा कप काढला. साहेबांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, तेवढ्यात फोन वाजला. बोलत बोलत ते बाहेर गेले, मान हलवून निरोप घेतला आणि जीप निघून गेली.

अर्धा कप चहा तसाच राहिला.

बाया गेल्या. आई कपासमोर बसून राहिली. मी चकत्या सोलत होते.

"गरम होता म्हणून ठेवला असन का?" ती म्हणाली.

"फोन आला न माय त्याले."

"फोन तर आला. पण घोट तर मारता आला असता."

"मारला न दोन."

"दोनच मारले."

मला रडू यायला लागलं, रागानं. तो माणूस बहुतेक चांगलाच होता. बहुतेक त्याला खरंच घाई होती. पण खात्रीनं कोण सांगणार? हेच तर असतं. कोणी काही बोलत नाही, कोणी काही करत नाही, फक्त कपात थोडा चहा उरतो आणि त्याचं कारण आपण शोधत बसायचं. आईनं हे आयुष्यभर केलं होतं. आता तिच्यासोबत मीही करायला लागले होते.

आईनं एकदम कप उचलला आणि चहा मोरीत ओतला. कप इतक्या जोरात आपटला की मला वाटलं फुटला.

"बस झालं," ती म्हणाली. "मी काय मरेपर्यंत लोकाइचे कप पाहत बसू?"

मग माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि उरलेल्या चकत्या ओरबाडू लागली, कापूस वेचल्यासारख्या, दोन्ही हातांनी.

त्या दिवाळीत माल कमी गेला, हे लपवत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. काही कुठून कुठून नवीन आली, त्यातल्या काहींनी पत्ता वाचून मुद्दाम फोन केला, आमचं पण गाव असंच आहे म्हणून. चटणीची एक ऑर्डर चंद्रपूरहून आली. बायांनी कुरकुर केली, काम मात्र सोडलं नाही. ज्या बाईनं मला दिवाळीचं विचारलं होतं, तिनंच प्रमाणपत्र भिंतीवरून काढून दाराबाहेर लावायला लावलं. म्हणाली, दर्शनी म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याले दिसलं पायजे न व?

दिवाळीनंतर जुनी पाकिटं संपली आणि नवीन छापायची वेळ आली. मी सेवा केंद्रात निघाले तर आई म्हणाली, मी बी येतो. ती त्या दुकानात कधी आत गेली नव्हती. मालकाच्या पोराचं दुकान. बोलणं व्हायचं ते बाहेरून, पायरीखालून. त्या दिवशी ती पायरी चढली, आत गेली आणि भाऊच्या बाजूच्या खुर्चीत बसली. भाऊनं तिच्यासाठी पंखा वाढवला. संगणकावर पाकिटाची मागची बाजू उघडली.

"सगळं पयलेसारखंच ठेवू न मावशी?"

आईनं पडद्याजवळ डोळे नेले. "आमचा पत्ता इतका बारीक काहून आहे?"

"कायद्यात कमीत कमी उंची देली आहे अक्षराची. तेवढी आहे बरोबर."

"अन् जास्तीत जास्त किती?"

भाऊनं माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. त्यानं तरी खात्रीसाठी नियमांचं पान उघडून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जास्तीत जास्त नाई देलं, मावशी."

"मंग मोठं कर," आई म्हणाली. त्यानं केलं. "अजून कर." त्यानं अजून केलं. वस्तीचं नाव पसरत पसरत पाकिटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं, वडीच्या नावापेक्षा मोठं झालं. भाऊचा हात थांबला.

"लयच मोठं नाई होत का?"

"होऊ दे," आई म्हणाली. "त्या पुण्याच्या बाईले चष्मा न लावता वाचता आलं पायजे."